चौथा पुकारा

...तर मी कोर्टाच्या जिन्यात उभा, आणि वरून साडूभाऊंचा आवाज आला, "सरकार हजर आहे का?"

काल इथवर आलो होतो आणि जेवायला हाक आली, म्हणून राहिलं. तर मी आपला इकडेतिकडे बघतोय. तोवर मी सरकार कधी पाहिलेलं नव्हतं. सरकारचे कागद पाहिले होते, शिक्के पाहिले होते, आमच्या गावातला सरकारचा पंप बंद पडलेला पाहिला होता. पण सरकार माणसासारखं जिना चढून येतं आणि त्याला कुणीतरी दारात उभं राहून बोलावतं, हे मला नवीन होतं. मी अंग चोरून भिंतीला चिकटलो. म्हटलं, मोठं कुणी येतंय, वाट द्यावी.

कुणी आलं नाही. साडूभाऊ कोर्टाच्या खोलीच्या दारातून जिन्याच्या तोंडाशी आले, पुन्हा तीच हाक. मग सज्जात गेले आणि खाली अंगणाकडे तोंड करून तिसरी. छपरावरची कबुतरं उडाली, पण सरकार काही आलं नाही. मग साडूभाऊ भरभर बावीस पायऱ्या उतरले, मला ओळखसुद्धा न दाखवता अंगण ओलांडून फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मागून एक किरकोळ गृहस्थ रुमालाने मिशा पुसत येत होते. एका चपलेचा अंगठा तुटलेला, त्यामुळे पाय घासत.

"हे कोण?" मी विचारलं.

"सरकार," साडूभाऊ म्हणाले आणि वर गेले.

मी तिथेच पायरीवर बसून हसलो. आमच्या गावच्या शाळेत सातवीच्या परीक्षेला प्रश्न आला होता, न्यायसंस्थेचे शासनातील स्थान सांगा. मी लिहिलं, शहरात, कचेरीच्या मागच्या इमारतीत, वरचा मजला. मास्तरांनी मला अर्धा गुण दिला आणि शेजारी लिहिलं, पत्ता बरोबर आहे. बाकीचा अर्धा गुण त्या दिवशी जिन्यात मिळाला असं मी आजही मानतो. ज्या सरकारच्या दारात आम्ही दोन दोन दिवस बसायचो, ते सरकार इथे दुसऱ्याच्या दारात यायचं, आणि वेळेवर यावं लागायचं.

मिशा पुसत आलेले ते गृहस्थ म्हणजे सरकारी वकिलांचे कारकून. सरकारच्या नावावर रोज पंधरा-वीस प्रकरणं, वकील एकच, तो कधी या कोर्टात कधी त्या. म्हणून हाक आली की कारकुनाने वर यायचं, हजर म्हणायचं आणि वकिलाला आणायला पळायचं, अशी रीत होती.

आता साडूभाऊंविषयी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. कोर्टात शिपाई. काम एकच, पुकारा. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, ज्याचा नंबर लागेल त्याला तीनदा हाक मारायची. पहिली दारातून, दुसरी जिन्यातून, तिसरी सज्जातून. तीन हाकांत माणूस आला तर ठीक. नाही आला तर आत येऊन सांगायचं, हजर नाही. पुढचं साहेब बघतात. साहेब म्हणजे न्यायाधीश. माणसाचं घर, शेत, नोकरी, नवरा, बायको, काय वाट्टेल ते त्या तीन हाकांवर टांगलेलं असायचं.

हे काम त्यांना आवाजामुळे मिळालं. आधी ते लाकडाच्या वखारीत गाड्यांचे नंबर ओरडायचे. करवत चालू असतानाही तो आवाज ऐकू यायचा म्हणतात. कोर्टातले लोक त्यांना भोंगा म्हणायचे. ते थंड पाणी पीत नसत, गळ्याला बारा महिने पंचा. गंमत अशी की घरी हा माणूस कुजबुजल्यासारखा बोलायचा. अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "काय म्हणालात?" ते परत तितक्याच हळू सांगायचे. अक्का चिडायच्या. "कोर्टात ऐकवता अख्ख्या गावाला, आणि मला मेलीला ओठांवरून ओळखायला लागतं."

टपरीवर जायची सवय कशी लागली, तेही त्यांनीच मला सांगितलं. नोकरीला लागून वर्षभर झालं असेल. तेव्हाचे साहेब तापट होते. सरकारतर्फे कुणी आलं नाही म्हणून एकदा भडकले, कारकुनाला फैलावर घेतलं, वकिलालाही. संध्याकाळी नाझर, म्हणजे कोर्टातल्या सगळ्या शिपाई-कारकुनांचे वरिष्ठ, साडूभाऊंना म्हणाले, "अरे, खालीच तर बसलेले असतात. तीन झाल्या की जरा बघून येत जा." लेखी काही नाही. साडूभाऊ जरा बघून यायला लागले. टपरीपर्यंत आवाज पोचत नाही, मध्ये रस्ता आहे, ट्रकची वर्दळ आहे. म्हणून ते स्वतः जायचे. अठरा वर्षं. त्यात वावगं काही आहे असं त्यांना वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. उलट मी गावी येऊन सांगायचो की आमचे साडू सरकारला हाताला धरून कोर्टात नेतात.

वावगं आहे हे पहिल्यांदा बोलली ती नाववाली.

त्या शहराला लागून नदी आहे, पलीकडे वीटभट्ट्या आणि एक दवाखाना. पूल लांब. नाववालीचा बाप नाव चालवायचा, मग ती चालवायला लागली. पन्नाशीची बाई, खांदे पुरुषासारखे, बोलणं तुटक. एके दिवशी तिच्या हातात कागद आला, लोकहितास्तव परवाना रद्द. खाली सही. का, कशावरून, कुणाच्या तक्रारीवरून, काही नाही. ती कचेरीत गेली तर म्हणाले, वरून आलंय. वर गेली तर म्हणाले, खालून अहवाल आलाय. मग ती कोर्टात आली. तिचं म्हणणं सरळ होतं, "लोकांचं हित म्हणता, तर लोक माझ्या नावेत बसतात. त्यांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. मग विचारलं कुणाला?"

निकाल लागेपर्यंत नाव पाण्यात घालायची नाही असा कचेरीचा हुकूम. नाव धक्क्यावर पालथी पडली. ती दुसऱ्यांच्या भट्टीवर विटा वाहायला लागली आणि तारखेला खाडा करून कोर्टात यायची. जिन्याजवळच्या बाकावर सकाळपासून बसायची, सहा तारखा अशा बसली. सातव्या तारखेला उन्हाळा होता, ती खाली नळावर पाणी प्यायला गेली आणि नेमका तिचा पुकारा झाला. दारातून, जिन्यातून, सज्जातून. नळावर रांग होती, कुणाची तरी बादली धडाधडा वाजत होती. ती वर आली तेव्हा दोन मिनिटं झाली होती आणि प्रकरण अर्जदार गैरहजर म्हणून काढून टाकलेलं होतं.

तिने आरडाओरडा केला नाही. साडूभाऊंसमोर येऊन उभी राहिली.

"मी नळावर होते. दिसत होते ना सज्जातून?"

"तीन पुकारे दिले बाई. नियम तीनचा आहे."

"मग त्यांना चार कसे देता?"

"कुणाला?"

"त्या मिशावाल्याला. सहा तारखा बघतेय मी. तीन इथून आणि चौथा टपरीवर जाऊन."

साडूभाऊंनी बोर्डावरचा पुढचा नंबर बघितला आणि पुकारा दिला. बाईने पुन्हा अर्ज केला, पण प्रकरण बोर्डावर यायला चौदा महिने गेले. ते चौदा महिने हा माणूस चौथा पुकारा द्यायला जातच होता, पण आता पायऱ्या मोजत जायचा. अक्का सांगायच्या, जेवताना मध्येच थांबतात, बोटांनी ताटाच्या कडेवर काहीतरी मोजतात. बावीस.

मग तो दिवस आला. बोर्डावर नाववालीचं प्रकरण, नवे साहेब. बाई बाकावर, यावेळी पाण्याची बाटली बरोबर घेऊन. साडूभाऊंनी बाईला हाक मारली, ती पहिल्याच हाकेला आत. मग सरकारला. दारातून. जिन्यातून. सज्जातून, चांगली पोटातून. सज्जातून त्यांना टपरी दिसत होती, टपरीवर पाठमोरे कारकूनही दिसत होते. पाय आपोआप जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला आणि ते थांबले. म्हणे, बाकाकडे बघितलंसुद्धा नाही, बाक रिकामा होता. नुसते थांबले. मग मागे फिरले, खोलीत गेले आणि म्हणाले, "सरकारतर्फे हजर नाही, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, थोडी वाट पाहिली, दोन दुसरी प्रकरणं उरकली, आणि बाईचं म्हणणं ऐकून घेतलं. आठवड्याने निकाल आला, एकतर्फी. ज्याचं काम काढून घ्यायचं त्याला आधी बोलावून ऐकावं लागतं, सरकारने ऐकलं नाही, सबब हुकूम रद्द. बाईने नावेला डांबर लावायला घेतलं.

डांबर वाळायच्या आत सरकारचा अर्ज आला की एकतर्फी निकाल मागे घ्या, प्रकरण पहिल्यापासून चालवा. अर्जासोबत कारकुनाचं शपथपत्र. त्यात लिहिलेलं, मी त्या दिवशी पूर्ण वेळ कोर्टाच्या वऱ्हांड्यात होतो, सरकारच्या नावाचा पुकारा झालाच नाही. साहेबांनी हुकूम केला, नाव तोवर पाण्यात घालू नये, आणि पुकारा करणाऱ्या शिपायाला नऊ दिवसांनी साक्षीला उभं करावं.

हे नऊ दिवस मी पाहिले आहेत. म्हणजे एका डोळ्याने पाहिले, कारण दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि त्यावर हिरवी पट्टी. मी त्यांच्याच घरी मुक्कामाला होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं, हालचाल करू नका, शांत पडून राहा. आणि माझ्या खाटेसमोरून तो माणूस दिवसभर येरझाऱ्या घालतोय. खिडकीपर्यंत जायचं, पडदा सरळ करायचा, परत यायचं. घड्याळाला चावी द्यायची, अर्ध्या तासाने परत द्यायची. एकदा दाराची कडी नीट लागत नाही म्हणून स्क्रू काढले, कडी पुसली, परत बसवली, आणि ती उलटी बसली. दोन दिवस आम्ही सगळे दार आतून उचलून उघडत होतो.

कामावर जायचे ते दिवस तर अजून वाईट. पुकारा देताना आवाज फाटायला लागला. एका तारखेला त्यांनी एका म्हातारीला सहादा हाक मारली. म्हातारी दारातच उभी होती.

नाझर पहिल्याच दिवशी बोलले होते. आता हे नाझर म्हणजे ते जुने नव्हेत, जुने कधीच गेले. हे नवे, सज्जन माणूस. म्हणाले, "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. आठवत नाही म्हणा. रोज शंभर हाका मारता, एक आठवत नसेल तर कोण काय म्हणणार आहे? शंकेचा फायदा सरकारला मिळेल, प्रकरण परत सुरू होईल, बाईला परत तारीख मिळेल. तुम्हाला निवृत्तीला सात महिने राहिलेत. कुणाचं काही जात नाही."

"बाईचं जातं," साडूभाऊ म्हणाले.

"बाईचं उशिरा होईल. जात नाही."

कारकून चौथ्या दिवशी घरी आले. मला वाटलेलं धमकी देतील. तसं काही नाही, खुर्चीच्या काठावर बसले, चहा घेतला, चपलेचा अंगठा अजून तुटलेलाच. कपबशी खाली ठेवून म्हणाले, "अठरा वर्षं आलास. एक दिवस आला नाहीस. मी काय समजायचं?"

"समजायचं काय त्यात."

"मला वाटलं बोर्ड लांबला. तू आला नाहीस म्हणजे नंबर लागला नाही, असंच समजतो मी. कोर्टाच्या घड्याळापेक्षा तुझ्यावर भरवसा."

"मग वऱ्हांड्यात होतो असं का लिहिलंस?"

कारकून हसले, पण कसंनुसं. "टपरीवर होतो असं लिहू? वकीलसाहेबांनी मजकूर सांगितला, मी सही केली. तूपण म्हणून टाक बाबा. आठवत नाही, एवढंच तर आहे." जाताना दार उघडेना, तेव्हा मी खाटेवरून सांगितलं, उचला. ते दार उचलून बाहेर पडले.

मीही शहाणपणा सांगितला, लपवत नाही. म्हटलं, "साडूभाऊ, खोटं बोलू नका, पण सगळं बोलायचीही गरज नाही. तीन पुकारे दिले म्हणा आणि गप्प बसा. खरंच दिलेत ना?"

"दिले."

"मग झालं."

"होत नाही ना तेवढ्यावर," ते खिडकीपाशी जाऊन म्हणाले. "त्यांचा वकील विचारणार, आजवर तुमचा पुकारा झाला आणि हा माणूस आला नाही असं कधी घडलं? मी म्हणणार, नाही. खरंच नाही घडलं. तो म्हणणार, मग त्या दिवशी पुकारा झाला असता तर हा आला नसता का? आता सांगा."

मी एका डोळ्याने छताकडे बघितलं. टपरीचं सांगितल्याशिवाय त्या तीन हाका खऱ्या वाटणारच नव्हत्या. आणि टपरीचं सांगितलं की अठरा वर्षांचं सगळं बाहेर. एका पक्षकाराला चोरून मदत करणारा शिपाई म्हणून चौकशी, सात महिने राहिलेले असताना.

अक्का इतका वेळ भाजी चिरत होत्या. विळी बाजूला सारून म्हणाल्या, "तुम्ही दोघं वकील आहात का?"

"नाही."

"मग वकिलाचे प्रश्न कशाला सोडवताय? त्यांनी विचारलं की सुचेल." आणि विळी परत पुढे ओढून, "मला एवढंच सांगा, त्या दिवशी गेला का नाहीत? भांडण झालं होतं का त्या कारकुनाशी?"

"नाही."

"बाईची दया आली?"

साडूभाऊंनी पडदा सरळ केला. "दया नाही. दया आली असती तर चौदा महिने आधीच आली असती. पाऊलच पडेना."

"काय म्हणालात?"

"पाऊल पडेना," ते तितक्याच हळू म्हणाले.

सातव्या दिवशी दुपारी ते म्हणाले, चला, फिरून येऊ. मला पट्टी, डॉक्टरांनी ऊन टाळा सांगितलेलं, पण घरात त्यांच्या येरझाऱ्या बघण्यापेक्षा ऊन बरं. ते पुढे पुढे चालत होते. भाजीबाजार, छापखाना, सायकलींची दुरुस्ती, आणि मला कळेपर्यंत आम्ही नदीच्या धक्क्यावर. मी म्हटलं, "इथे कशाला आणलंत? साक्षीदाराने पक्षकाराला भेटू नये."

"भेटत कुठे आहे. नदी बघतोय."

नाव पालथी होती. अर्ध्या भागाला नवं काळं डांबर, अर्धा भाग जुना करडा, आणि मधे ब्रश चिकटून वाळलेला. काम टाकून गेल्यासारखं. पाण्यातल्या पायऱ्यांवर बाई कपडे धूत होती. आम्हाला बघून उठली नाही, धुणं थांबवलं नाही.

"बसा की," ती म्हणाली. "तुम्हाला उभं राहायची सवय आहे म्हणा."

साडूभाऊ उभेच राहिले.

"परवा तुमचं बोलणं आहे म्हणे. माझ्या वकिलाने सांगितलं. म्हणाला, सगळं त्या भोंग्यावर आहे." तिने कपडा पिळला. "म्हटलं, मग गेलं. त्यानेच तर एकदा घालवलंय."

मी म्हटलं, "बाई, त्यांना बोलता येत नाही तुमच्याशी, नियम आहे."

"असू दे. नियमाचं पक्कं माणूस आहे ते, मला माहीत आहे." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं की कसं, मला कळलं नाही. पलीकडच्या काठावर एक माणूस हात वर करून नावेसाठी हाका मारत होता. त्याला माहीत नसावं. बाईने त्याच्याकडे बघून हाताने नाही नाही केलं. तो परत ओरडला. ऐकू येत नव्हतं, नुसता हात हलताना दिसत होता. मग तो खांद्यावरचं मूल सावरून लांबच्या पुलाच्या दिशेने चालायला लागला.

"दिवसातून आठ-दहा येतात असे," ती म्हणाली आणि पुन्हा धुवायला वाकली.

परतताना साडूभाऊ इतके भरभर चालले की मी दोनदा सायकलींना धडकलो.

साक्षीच्या दिवशी मी पट्टीसकट कोर्टात गेलो. अक्कांनी त्यांचा सदरा दोनदा इस्त्री केला होता, त्यांनी तिसऱ्यांदा केला. पुकाऱ्याला त्या दिवशी बदली शिपाई दिला होता, रेकॉर्डच्या खोलीतला, सर्दी झालेला, आवाज मांजरासारखा. साडूभाऊ सवयीने दारातच जाऊन उभे. मी म्हटलं, बाकावर बसा, आज तुम्ही साक्षीदार. बसले. उठले. परत बसले.

नंबर लागला. बदली शिपायाने साडूभाऊंचं नाव घेतलं, जेमतेम माझ्यापर्यंत पोचलं. आणि आमच्या साडूभाऊंनी काय करावं? उठले, जिन्याच्या तोंडाशी गेले आणि पोटातून स्वतःच्याच नावाचा पुकारा दिला. खाली अंगणात लोक थांबले. मग सज्जाकडे निघाले. मी हात धरला. "अहो, तुम्हालाच बोलावतायत." आत कुणीतरी हसलं. साहेबांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, त्यांनी नुसती वही पुढे ओढली.

वीस वर्षं दारात उभा असलेला माणूस पहिल्यांदा पिंजऱ्यात उभा राहिला. कठडा धरला, सोडला, परत धरला. बाई पहिल्या बाकावर, कारकून खिडकीशी, नाझर दारात. सरकारी वकील उंच आणि नम्र होते. सगळं साडूभाऊ म्हणाले होते त्याच वळणाने गेलं.

"त्या दिवशी पुकारा दिलात?"

"दिला. तीन."

"आठवतंय नक्की?"

नाझरांनी मान खाली घातली. साडूभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आठवतंय."

"हे आमचे कारकून. तुम्ही अठरा-एकोणीस वर्षं ओळखता. तुम्ही पुकारा दिलात आणि हे आले नाहीत, असं आधी कधी झालं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग त्या दिवशी तुम्ही पुकारा दिला असता तर हे आले असते, बरोबर?"

कठड्यावर साडूभाऊंची बोटं वाजत होती. बाईने मागे वळून दाराकडे बघितलं, जणू तिला आताच उठून जायचं होतं. वकील म्हणाले, "साक्षीदाराला उत्तर नाही, एवढी नोंद व्हावी," आणि बसायला लागले.

तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "थांबा. मी विचारतो. घाबरू नका, सावकाश सांगा. ज्यांना इतक्या वर्षांत तुमचा पुकारा एकदाही चुकला नाही, त्यांना त्याच दिवशी तो ऐकू कसा आला नाही?"

साडूभाऊंनी गळ्याचा पंचा काढून हातात घेतला. घरी बोलतात तितक्याच हळू बोलायला लागले, तेव्हा लेखनिक म्हणाला, मोठ्याने. मग ते त्यांच्या पुकाऱ्याच्या आवाजात म्हणाले,

"साहेब, ते खाली टपरीवर बसतात, तिथे माझा पुकारा पोचत नाही, कधीच पोचला नाही. अठरा वर्षं तीन पुकारे झाले की मी जिना उतरून त्यांना बोलवायला जात होतो. दुसऱ्या कुणासाठी तसा गेलो नाही, या बाई नळावर दिसत होत्या तरी गेलो नाही. त्या दिवशी सरकारला मी तीनच पुकारे दिले, सगळ्यांना देतो तेवढेच. त्या आधीचे सगळे चौथे पुकारे चुकीचे होते, मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, ते माझ्या नावावर लिहून घ्या."